वन्सं, मी आणि कोशाची टोकं

जिवंत माणसांची शोकसभा भरवावी तर आमच्या वन्संनीच. साऱ्या नागपुरात त्यांच्या तोडीची दुसरी बाई झाली नसेल. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, शाळेत चित्रकला शिकवायच्या. धरमपेठेतल्या बायका पदर सावरत सायकल-रिक्षात बसायच्या त्या काळात स्वतःची जुनी फियाट स्वतः हाकायच्या. दिवाळीची सुट्टी लागली की ही फियाट भंडाऱ्यापलीकडे, मध्यप्रदेशला लागून असलेल्या खेड्यांकडे निघे, तिथल्या कारागिरांना भेटायला. सोबत म्हणून मी. मी तेव्हा नवी नवरी. नायलॉनची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर थर्मास. खिडकीत अशी बसायची की रस्त्यावरच्या म्हशींनीसुद्धा मान वळवून बघावं. एकीनं बघितलंही, आणि शेपटीनं चष्मा उडवला.

वन्संच्या गाडीचा वेग दुःखावर ठरे. दुःख झालं की ब्रेक, आणि दुःख दर मैलाला होई. शिंगाड्यांनी भरलेलं तळं दिसलं की करकचून गाडी थांबे. "बघून घे वं पोरी. पुढच्या वर्षी नसेल हे." तळं भोसल्यांच्या काळापासून तिथेच होतं, तरी मी मुकाट बघून घ्यायची. मोहाचं झाड, कौलारू घर, टपरीवरचा चहा, सगळ्यांना हाच निरोप. एका बुरडाच्या अंगणात तर "तुमच्यामागे हे सगळं संपणार हो," असं त्या इतक्या गहिवरून म्हणाल्या, की टोपली विणणारा तो धडधाकट माणूस घाबरून बायकोला विचारू लागला, "काहून वं, मले काही झालं हाय का? डॉक्टर तुले काही बोलला का?" तेवढ्यात त्याचे मुलगे बांबू खांद्यावर घेऊन एकामागे एक आत आले. वन्संना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता माझ्या नाती विचारतात, आजी, तू हसत नव्हतीस? हसत होते की. तेवढंच काम होतं मला.

सोमाजी विणकराच्या दारात मात्र वन्सं गप्प होत. आत शिरताच आधी मागाकडे बघत. कोशाचं, म्हणजे रानातल्या टसर रेशमाचं, कापड मागावरून उतरवलं तरी उभ्या धाग्यांची शेवटची टोकं विणकर काढून टाकत नाही. ती मागातच ठेवतो, आणि नव्या कापडाचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पिळून जोडतो. सोमाजीच्या मागातले धागे असे त्याच्या आजापासून एकाला एक जोडत आलेले. "एवढी खटपट कशाला? नायलॉन घ्या, पिळायलासुद्धा नको," मी ज्ञान पाजळलं. सोमाजीच्या बायकोनं, गिरजाबाईनं, माझा पदर चिमटीत धरला. "पान्यावानी मऊ हाय वं. पन याच्यात बाई शिजत नाही का?" थंडीच्या दिवसांत माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

मग एका वर्षी माग रिकामा दिसला. नवरा-बायको शेजारीच मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होते. कोशाला म्हणे गिऱ्हाईक उरलं नव्हतं, बिडीला रोज होतं. वन्संना त्यातलं काही ऐकूच आलं नाही. त्यांना मागात लोंबणारी टोकं दिसली होती.

"टोकं ठेवलीत ना? मग बसाल तुम्ही परत."

"बसतो ना बाई. पुढल्या साली बसतो."

परतीच्या वाटेवर तळी गेली, मोहाची झाडं गेली, ब्रेक लागला नाही. जगातलं सगळं संपलं म्हणून सांगणारी ही बाई या एकाच बाबतीत शाळकरी पोरीसारखी आशेवर होती. पुढे कितीतरी दिवाळ्या तेच. टोकांवर धूळ बसली, मग कोळ्यानं जाळं विणलं; वन्सं पदराच्या काठानं ते हळूच काढत आणि पुन्हा एक साडी सांगून ठेवत. "मी मेल्यावर नका देऊ हो!" "नाही बाई, नाही," सोमाजी मान न उचलता म्हणे.

शेवटच्या खेपेला मागात टोकं नव्हती.

"बिडीचं सूत सरलं होतं बाई," गिरजाबाईच म्हणाली. "ठेकेदार यायची येळ झाली. मंग मागातलं तेच तोडलं."

"गेल्या मग बिड्या?" मी विचारलं.

"कायच्या जातात! धागा येगळा दिसते म्हने. साऱ्या छाटून परत टाकल्या त्यानं."

कोपऱ्यातल्या टोपलीत त्या पडल्या होत्या, कोशाच्या सोनेरी धाग्यानं बांधलेल्या. सोमाजी खाली बघून पानं कापत राहिला. मी थर्मास घट्ट धरला. आता इथे आभाळ कोसळणार. वन्सं एवढंच म्हणाल्या, "यातल्या थोड्या मला द्याल?"

"तुम्ही ओढता, बाई?"

"शिकेन."

गावाबाहेर नदी होती, पलीकडे मध्यप्रदेश. काठावर गाडी उभी करून वन्सं एकेक बिडी सोडवू लागल्या. तंबाखू सगळा त्यांच्या मांडीवर सांडला. हाती आले ते बोट-बोट लांबीचे धागे. त्यांतल्या दोहोंची टोकं चिमटीत धरून त्या पिळू लागल्या. फळ्यावर एका फटक्यात गोल काढणारे ते हात. पण पीळ बसेना. सोडलं की धागे आपापले वेगळे.

"तू धर वं एक टोक."

मी चष्मा काढला आणि धरलं. ऊन उतरलं. पलीकडची गुरं पाणी पिऊन घरी गेली. माझी बोटं आखडली.

"सोडू का, वन्सं?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या.