नारळावर हात ठेवून दिलेलं मत

पहिली थप्पड बसली तेव्हा इस्त्री माझ्या हातात होती. दुसरी बसली तेव्हा सुटली. झाकण उघडलं आणि पेटते कोळसे माझ्या डाव्या पायावर पडले. मी किंचाळले. कॉलनीच्या अध्यक्षाने माझ्या टेबलाला लाथ घातली. लोकांचे घडी केलेले कपडे मातीत गेले.

"काऊन वं, आमच्याच गेटवर पोट भरते अन् आमालेच दगा देते?"

आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता. त्याच्या पक्षाचा माणूस निवडूनही आला होता. तरी हा पिसाळलेला, कारण आमच्या बूथवर तो माणूस मागे पडला. कोणत्या बूथवर कोणाला किती पडली, ते आता लगेच मोबाईलवर फिरतं.

वर्ध्याला खेटून असलेली ही कॉलनी. मास्तर, बाबू, बँकेतले लोक. नाल्यापलीकडे आमची वस्ती. बूथ दोघांचा एकच. "बूथ आपलाच," असा शब्द अध्यक्षाने नेत्याला दिला होता. तो खोटा पडला. पाडला कोणी, याचा विचार करायची त्याला गरजच वाटली नाही. बोट सरळ नाल्यापलीकडे आलं, आणि गेटवर त्याला पहिली मी सापडले.

भर सकाळ होती. पोरांना शाळेत सोडायला निघालेल्या गाड्या थांबल्या. ज्यांचे शर्ट मी रोज कडक करून देते, ती माणसं बघत राहिली. एकही उतरला नाही.

आता खरं सांगते. मतदानाच्या आधी त्याच्या घरी हळदी-कुंकू झालं. कॉलनीतल्या बायका आत सोफ्यावर. त्यांना वाण, चिवडा, चहा. आम्ही वस्तीतल्या बाहेर अंगणात. साडी आम्हालाही दिली, पण आधी नारळावर हात ठेवायला लावला. लेकराची शपथ घ्यायला लावली.

"चिन्ह ध्यानात ठेवजो वं," त्याची बायको म्हणाली.

कॉलनीतल्या एकाही बाईला नारळ दाखवला नाही. ती घरची माणसं. बेइमान आम्हीच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

आणि मी मूर्ख. मी ते मत दिलं! बटण दाबताना मला डोळ्यांपुढे फक्त शपथ मोडली तर तापाने फणफणणारी माझी पोर दिसत होती. वस्तीतल्या सगळ्याच बायकांनी दिलं. शपथ मोडायची आमची छातीच नव्हती.

मी मार खाल्ला त्याच दिवशी संध्याकाळी कॉलनीतले एक सर माझ्या दारात आले. सकाळी ते गेटजवळच गाडी धरून उभे होते. हातात भाजल्यावर लावायचं मलम होतं. मान खाली.

"ताई, ते मतं आमचे होते. आम्हा मास्तर लोकायचे. सरकारनं जुनी पेन्शन नाई देली, म्हणून ठरवूनच टाकले तिकडं." मग आवाज आणखी खाली. "पण कोणाले सांगू नका. आमाले तिथंच राहा लागते."

मी ती ट्यूब त्यांच्या छातीवर फेकून मारली. अध्यक्षाचा आला नव्हता इतका राग मला या माणसाचा आला. पेन्शन यांची, मत यांचं, आणि जळला माझा पाय.

मग अध्यक्षाचा निरोप आला. रविवारी मंदिरात कॉलनीची सभा आहे. सगळ्यांसमोर नाक घास, माफी माग, तरच टेबल पुन्हा लागेल. नवरा गेल्यापासून माझं घर त्या टेबलावरच चालत होतं.

"घास ना वं नाक," सासू म्हणाली. "नाक काय झिजते का?"

मी लंगडत गेले. सगळे सतरंजीवर बसले होते. सरही होते. मला बघताच ते चपलांच्या ढिगाकडे बघायला लागले. त्यांचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं असतं तर त्याच क्षणी सुटले असते. पण सुटले असते म्हणजे काय? बघा, ही आपल्याशी इमानदार निघाली, असं म्हणून कॉलनीवाल्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला असता. कुत्र्याच्या फिरवतात तसा. ती इमानदारी मला नको होती. मी नाव गिळलं.

"मी नाई मागत माफी," मी म्हणाले.

अध्यक्षाने माझी मान पकडली आणि फरशीकडे दाबली. कपाळ आपटलं. त्याचं मनगट माझ्या तोंडाजवळ होतं. मी चावले. दात रुतले, तोंडात रक्त आलं, तरी सोडलं नाही. तो बाईसारखा रडला असं म्हणणार होते, पण बाया अशा रडत नाहीत. लोकांनी ओढून मला बाजूला केलं.

"माह्यं मत, मी कोणालेही देईन!" मी ओरडले. "तू कोण रे विचारणारा?"

टेबल आता वस्तीच्या तोंडाशी लावते. गिऱ्हाईक निम्मंही उरलं नाही. पोरगी कधी कधी अर्ध्या पोटी झोपते, ते मला दिसतं, आणि टोचतं. दुसरा पक्ष काही माझा सगा नाही. त्यांचा माणूसही वस्तीत मतं मागायलाच तोंड दाखवतो.

पण ज्या मतासाठी मी मार खाल्ला, ते मत मी अजून दिलेलंच नाही. पुढच्या निवडणुकीला देणार आहे. आणि कोणी टेबलाशी येऊन विचारलं, कोणी दिलं, तर मीच पुढे होऊन सांगणार आहे. मी दिलं.