ओव्हाळ मॅडमची काळजी

ओव्हाळ मॅडम मुलांचे विषयनिवडीचे फॉर्म वर्षातून तीनदा वाचायच्या. भरून आले की एकदा, वर्ग सुरू झाले की एकदा, आणि सहामाहीच्या आठवड्यात, बाकी सगळे पेपर तपासण्यात बुडालेले असताना, आणखी एकदा. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून, ओठ हलवत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. वाघोलीच्या त्या आंतरराष्ट्रीय शाळेत मी बायॉलॉजी शिकवायला नुकताच लागलो होतो. वय सव्वीस, नोकरी प्रोबेशनवर. गमतीनं म्हटलं, "मॅडम, मधल्या काळात फॉर्म बदलतात की काय?"

"फॉर्म नाही बदलत हो," त्या वर न बघता म्हणाल्या, "चुका मात्र जागच्या जागी बसून असतात. आपण बोलावेपर्यंत."

मला हसू आलं होतं. पुढे वर्षभर ते हसू मला पुरलं नाही.

आमच्याकडे दहावीपर्यंत सगळ्यांचा रस्ता जवळजवळ एकच. अकरावीला दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू होई आणि मुलांना सहा विषय स्वतः निवडावे लागत. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येक गटातून काहीतरी. शिवाय चार हजार शब्दांचा शोधनिबंध आणि सेवाकार्य. पंधरा-सोळा वर्षांची मुलं कॅन्टीनमध्ये नूडल्स खाताखाता ठरवत, "यार, इको घे, चिल सब्जेक्ट आहे." मॅडम मागच्या टेबलावरून ऐकत आणि त्यांचा डबा तसाच राही. त्या पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, फिजिक्स शिकवायच्या आणि विषयनिवडीचं कामही त्यांच्याकडेच. खडकीहून शाळेच्या बसनं यायच्या; बसमध्येसुद्धा मांडीवर कुणाचा तरी फॉर्म. मुलगा किंवा मुलगी समोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला: "हा विषय सोडलास तर कुठलं दार बंद होतं, ते सांग. आवडीचं आपण नंतर बोलू."

मुलं त्यांना मागून 'टेन्शन मॅम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत. मी टेन्शन घेते म्हणून तर ही मंडळी निवांत फुटबॉल खेळतायत."

त्या वर्षी फॉर्म भरायच्या आठवड्यात त्यांचे वडील दवाखान्यात होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, दम्याचे जुने दुखणेकरी. मॅडम पाच दिवस रजेवर गेल्या आणि माझ्या वर्गाच्या फॉर्मवर वर्गशिक्षक म्हणून मी सह्या केल्या. वर्ग सुरू झाल्यावरचं त्यांचं दुसरं वाचनही त्याच दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं. त्यातच सिद्धीचा फॉर्म होता. वाघोलीतलंच शेतकरी कुटुंब. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर वडिलांनी सिमेंट-स्टीलचं दुकान टाकलेलं. सिद्धी हुशार, कमी बोलणारी. तिनं कॉरिडॉरमध्ये मला विचारलं होतं, "सर, डॉक्टर व्हायचंय. फिजिक्स घ्यावंच लागेल का? मला ते जड जातं."

"बाहेर जाणार ना? मग बायो आणि केमिस्ट्री बास. तिसरा विषय इकॉनॉमिक्स घे," मी म्हणालो आणि तासाला गेलो. माझ्या डोक्यात एवढंच की या शाळेतली मुलं शिकायला परदेशीच जातात. ती बाहेर जाणार की नाही, हे मी तिच्या तोंडून ऐकलंच नव्हतं.

सहामाहीच्या आठवड्यात मॅडमनी मला लॅबमध्ये गाठलं. फूटपट्टी फॉर्मवर तशीच धरलेली. "सर, सिद्धी मेडिकलला जायचं म्हणते ना?"

"हो."

"कुठे?"

मी फॉर्मवरची माझीच सही बघत राहिलो. मॅडमनी तिच्या घरी फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. तिला बाहेर पाठवायचा विचारही कुणी केला नव्हता. पुण्यात, फार तर महाराष्ट्रात. आणि इथल्या मेडिकलला फिजिक्सशिवाय प्रवेशपरीक्षेलाच बसता येत नाही. विषय बदलायची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. शिवाय तीन विज्ञान विषय एकत्र घ्यायला डिप्लोमाच्या बोर्डाची खास परवानगी लागणार होती. मॅडम मला रागावल्या नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "बसा. आधी पाणी प्या. माझ्या पोटात कालपासून गोळा आलाय, दोघांनी मिळून आडवं पडून चालणार नाही."

प्राचार्यांचं म्हणणं साधं होतं. फॉर्मवर मुलीची सही आहे, पालकांची आहे; निवड त्यांची. शाळेनं लेखी काही देऊ नये. मॅडमचा आवाज एरवी कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "वा. म्हणजे माहिती देण्याची फी आपण घ्यायची आणि माहितीची जबाबदारी पंधरा वर्षांच्या मुलीनं. छान व्यवस्था आहे." परवानगीच्या अर्जात चूक कोणाची हे लिहिल्याशिवाय बोर्ड मुदतीनंतर अर्ज बघणारच नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. प्राचार्य "बघू" म्हणाले. मॅडमनी त्याच दुपारी 'चूक शाळेची' असं पत्र टाईप केलं, स्वतःच्या सहीनं बोर्डाला पाठवलं आणि त्याची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सिद्धीचे वडील तिला घेऊन भेटायला आले. आत जाण्यापूर्वी मॅडम मला म्हणाल्या, "मी 'शाळेची चूक' एवढंच म्हणणार आहे. तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा." आत त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. प्रोबेशनचा विचार डोक्यात होता, खोटं कशाला बोलू. मग सिद्धीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं वडिलांना माझं नाव सांगितलेलंच नव्हतं, हे तिच्या नजरेवरून कळलं. मी म्हणालो, "साहेब, फिजिक्स नको असं तिला मी सांगितलं. नीट न विचारता."

त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "म्याडम, पोरीचं वरीस वाया जातंय का न्हाई, तेवढं सांगा."

"माहीत नाही. परवानगी आली तर नाही जाणार. नाही आली तर जाईल."

"लई मोठी शाळा हाय म्हणून घातली हितं," ते उठताना म्हणाले. "पण माहीत न्हाई म्हणणारं माणूस आज पयल्यांदा भेटलं."

उत्तर यायला अकरा दिवस लागले. मॅडम प्रत्येक तासानंतर स्टाफरूममध्ये येऊन मेल उघडत, बंद करत. डबा घरून जसा यायचा तसाच परत जायचा. पण परवानगीची वाट न बघता त्यांनी सिद्धीला फिजिक्सचा पहिला धडा सुरू करून दिला. "आणि नाही आली परवानगी तर?" सिद्धीनं विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते. "तुम्ही दोघंच एवढे घाबरलेले दिसता, मग मी काय करायचं?"

"घाबरायचं काम आम्ही घेतलंय. तू वेग आणि त्वरण यातला फरक सांग."

रविवारी सकाळी त्या तिला खडकीला घरी बोलवत. मीही जाई, मागे राहिलेल्या प्रयोगांच्या नोंदी समजावून द्यायला आणि खरं तर घरी बसवत नसे म्हणून. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांनी वाकलेली फळी. वडील आतल्या खोलीत खोकत. पोहे मॅडमचे थोरले भाऊ करायचे. तेही कारखान्यातच होते, आता निवृत्तीला आलेले. एकदा आत शिकवणी चालू असताना ते मला ओट्यापाशी सांगू लागले. दहावीला ते शाळेत पहिले आले होते. अकरावीला कुणीतरी म्हणालं गणित सोड, जीवशास्त्र घे, सोपं जाईल. घरात विचारायला कुणी नाही. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म घेऊन रांगेत उभे राहिले, तर खिडकीतल्या माणसानं गणित नाही म्हणून कागद परत सरकवला. सोबत मॅडम होत्या, तेव्हा सातवीत.

"मी विसरलो हो," कढईत शेंगदाणे परतत ते म्हणाले. "कारखान्यात चांगलं गेलं आयुष्य. पण ही अजून माझाच फॉर्म तपासतीये."

अकराव्या दिवशी सकाळी पहिल्याच तासाला मॅडम माझ्या वर्गाच्या दारात आल्या. कधी असा तास मोडत नसत. मला बाहेर बोलावलं, मोबाईल पुढे केला. परवानगी आली होती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्या म्हणाल्या, "आनंद नंतर. अकरा आठवड्यांचा अभ्यास मागे आहे तिचा." आणि भिंतीला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

सिद्धीनं तो मागचा अभ्यास भरून काढला. डिप्लोमात फिजिक्समध्ये बेताचे गुण पडले, पण पास झाली. पहिल्या वर्षी प्रवेशपरीक्षेत हुकलं, दुसऱ्या वर्षी सोलापूरकडच्या कॉलेजात नंबर लागला. मात्र हे सगळं बघायला मॅडम आमच्या शाळेत नव्हत्या. त्या पत्रानंतर विषयनिवडीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि एप्रिलमध्ये करार पुढे वाढवायचा नाही असं कळवण्यात आलं. कारण विचारलं तर 'पुनर्रचना' हा शब्द मिळाला. माझी नोकरी मात्र कायम झाली. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बसपर्यंत गेलो. कापडी पिशवीत त्यांच्या वह्या होत्या. खडकीतच एका छोट्या शाळेत त्यांना काम मिळालं होतं, पगार अर्धाही नव्हता. मी म्हणालो, "मॅडम, हे माझ्यामुळे झालं."

"नाही हो. मी पत्र दिलं म्हणून झालं. आणि तुम्ही त्या दिवशी बोललात. नाहीतर मला अजून एक काळजी लागली असती, तुमची."

ड्रायव्हरनं बसचं इंजिन सुरू केलं. पायरीवर पाय ठेवून त्या थांबल्या. "दहावीतल्या दोघीजणी भेटायच्या राहिल्यात. एकीला आर्किटेक्चरला जायचंय आणि ती गणित सोडायचं म्हणते. दुसरी काहीच म्हणत नाही. तिच्याशी आधी बोला." त्यांनी नावं सांगितली. माझ्याकडे कागद नव्हता, मी तळहातावर लिहून घेतली.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी त्या दुसरीला शोधायला गेलो. माझ्या पोटात गोळा आला होता.