लोकांचे फोन ऐकण्याची नोकरी

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे मला आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती नातेवाइकांना सांगते, मुलगी कॉम्प्युटरवर असते. पप्पा सांगतात, डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. हे सांगताना त्यांची मान ताठ होते, कारण त्यांचं सगळं आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यात मशीनपुढे उभं राहण्यात गेलं आणि आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. खरं म्हणाल तर मी दिवसभर लोकांचे फोन चोरून ऐकते. त्याचा पगार मिळतो, म्हणून त्याला चोरी म्हणत नाहीत एवढंच.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये पडद्याच्या कापडाचं एक दुकान आहे, त्याच्यावर आमचं ऑफिस. तुम्ही मोबाइलवर एखादा आजार शोधता. सगळ्यात वर जे दवाखाने दिसतात, ते चांगले म्हणून वर आलेले नसतात, पैसे भरून आलेले असतात. ‘जाहिरात’ हा शब्द तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेला असतो. तुम्ही तिथला नंबर दाबता. तो नंबर दवाखान्याचा नसतो, आमचा असतो. आमच्याकडून फोन दवाखान्यातल्या मुलीकडे वळतो आणि तुम्ही बोललेलं सगळं रेकॉर्ड होऊन माझ्या कानात येतं. शोधताना तुम्ही काय टाइप केलं होतं आणि कुठून, तेही सोबत येतं. फोन लागताच एक बाई भराभर इंग्रजीत सांगते की हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. ज्याला दुखतंय, तो ते ऐकत बसत नाही. मला दिसणाऱ्या नंबरातले मधले आकडे फुल्या मारून झाकलेले असतात. याला आमच्याकडे प्रायव्हसी म्हणतात.

ऐकून झालं की मी शिक्का मारायचा. ऑपरेशनला लगेच तयार तो हॉट. घरी विचारून सांगतो म्हणणारा कोल्ड. रडणारा, आधी नीट तपासा म्हणणारा, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून फोन करून सरकारी कार्ड चालेल का विचारणारा, हे सगळे जंक. पण जंकही फेकून देत नाहीत. ते नंबर पुढे चूर्णवाल्याला आणि डायपरवाल्याला विकले जातात आणि तेव्हा झाकलेले आकडे बरोबर उघडतात. भाजीवालासुद्धा सडका टोमॅटो टाकून देतो. आमच्याकडे काहीच वाया जात नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलवरची मुलगी नेहमीप्रमाणे लोकांनी टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवत होती. हा आमचा रोजचा टाइमपास. एकाने लिहिलं होतं, ‘लघवी थेंब थेंब होते व थांबत नाही, कृपया उपाय सांगावा.’ मोबाइलला कृपया म्हणतोय, म्हणून सगळे हसले. मीही हसले. तोंडात घास होता, ठसका लागेपर्यंत हसले.

जेवून मी हेडफोन लावला आणि पहिलाच फोन त्या कृपयावाल्याचा निघाला.

“नमस्कार. मी अंबरनाथहून बोलतो आहे.”

बुद्धविहारात माइकवर बोलतात तसंच, सावकाश आणि शुद्ध. माझे पप्पा.

मी बंद करायला हवं होतं, पण ऐकत राहिले. त्यांनी आधी विचारलं, कुणी पुरुष डॉक्टर फोनवर येतील का. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, काका, शरम कसली, मलाच सांगा. मग त्यांनी अर्जात लिहावं तसं सांगितलं. वंदनेला खाली बसलं की उठेपर्यंत कपडे ओले होतात, म्हणून ते आता मागे, दाराजवळ खुर्चीवर बसतात. दोनदा लघवी लालसर झाली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी ऑफिसात दमते, तिच्या डोक्याला ताप नको.

त्यांचे गुडघे दुखत असतील म्हणून ते खुर्चीवर बसतात, असं आई आणि मी धरून चाललो होतो.

फोनवरची मुलगी ऑपरेशनच्या पॅकेजवर आली. पप्पांनी विचारलं, आधी तपासणी होते ना? ती थांबा म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून शेजारणीला हिंदीत म्हणाली, बुढ्ढा टाइमपास कर रहा है. दोघी हसल्या. पप्पांना ते ऐकू गेलं असणारच, कारण पुढे ते फक्त ‘आभारी आहे’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला शिसारी आली. त्या मुलीची, ऑफिसची, टेबलावरच्या माझ्या उघड्या डब्याची. मी सरांकडे गेले. सर बदलापूरचे, माझ्याच वयाचे. हा फोन माझ्या पप्पांचा आहे, हे रेकॉर्डिंग काढून टाका आणि हा नंबर पुढे देऊ नका, असं म्हटलं.

“अगं, नंबर झाकलेला आहे ना? तू बोललीस म्हणून मला कळलं, नाहीतर कुणाला घंटा कळणार होतं,” सर म्हणाले. “आणि रेकॉर्डिंग क्लायंटचं आहे, मी कसा हात लावू? एक काम कर, पप्पांना त्यांच्याकडेच घेऊन जा. डिस्काउंट मी बघतो.”

ते खरंच मदत करत होते. किळस त्याचीच जास्त आली. मी शिक्का न मारता पान सोडलं, तर शेजारच्या मुलीने माझं काम हलकं करावं म्हणून तो मारून टाकला. जंक.

आठवडाभरात घरी फोन सुरू झाले. पप्पा ‘राँग नंबर’ म्हणत आणि मोबाइल घेऊन जिन्यात जात. आमचा टीव्ही त्यांच्याच मोबाइलच्या खात्यावर चालतो. विहारातले दोन गृहस्थ वाचनालयाचं बोलायला घरी आले होते, तेव्हा बातम्यांच्या मधे म्हाताऱ्यांच्या डायपरची जाहिरात लागली. ती संपली आणि पुन्हा तीच लागली. एक गृहस्थ सहज म्हणाले, हल्ली माणूस जे शोधतो तेच दाखवतात म्हणे. पप्पांनी उठून टीव्ही बंद केला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “मोबाइलवर माणूस एकटा बसून काही विचारतो, ते इतरांना कळतं का?”

मी म्हटलं, कधीकधी कळतं.

“मी एका दवाखान्यात चौकशी केली होती. त्यांनी गावभर केलं.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “आता डॉक्टर नको आणि काही नको. जे आहे ते आहे.”

ते लालसर काय आहे, हे कुणीतरी तपासणं भाग होतं. आणि घरात ते फक्त मलाच माहीत होतं. गप्प राहिले असते तर पप्पा कुठल्याच डॉक्टरची पायरी चढले नसते. म्हणून मी सांगितलं. डॉक्टरकडून असं बाहेर फुटत नाही, फुटतं ते आमच्यासारख्यांकडून. वरचा दवाखाना कसा वर येतो, नंबर कुणाचा असतो, फोन कुठे जातो, सगळं सांगितलं. पप्पा शाळेत बसावं तसे लक्ष देऊन ऐकत होते. मधे त्यांनी मान डोलावली, जणू मुलीला विषय छान समजला आहे.

मग मान थांबली.

“तो फोन तू ऐकलास?”

“हो.”

“सगळा?”

“सगळा, पप्पा.”

ते माझ्याकडे न बघता बंद टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तपासून घेईन. पण एकटा जाईन. कुठे, कधी, काय निघालं, तू विचारायचं नाही.”

मी बरं म्हटलं.

ते उठून बाथरूममध्ये गेले. कडी लावली आणि आत नळ धो धो सुरू झाला. गेले काही महिने ते आत गेले की नळ सोडून ठेवतात. आमच्या टाकीत पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे आईची रोज कटकट असते की ह्या माणसाला बादली भरली तरी कळत नाही. ती आताही स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, तो नळ बंद करा.”

“वाहू दे, आई,” मी म्हटलं. आणि बाहेर जाऊन गॅलरीच्या पार टोकाला उभी राहिले, जिथे आतलं काही ऐकू येत नाही.