बैलगाडीतला कंट्रोलर
कांद्याच्या पोत्यांचा वास आला की मला चाकणचा तो बाजार आठवतो. सत्तरच्या दशकात पीएच.डी.साठी मी विजेच्या गाडीचा हलका कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी पेटी, बनवला होता. तो रस्त्यातले हादरे सोसतो, हे माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवायचं होतं. म्हणून बाजाराला निघालेल्या एका शेतकऱ्याच्या बैलगाडीत ती पेटी ठेवली, "जरा सांभाळा" म्हटलं आणि सायकलवरून पुढे गेलो. चाकणला वाट पाहत थांबलेल्या सरांसमोर पेटी उघडली, तर एक तारही सुटली नव्हती. मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात शेतकरी म्हणाला, "लई हादरं बसत व्हतं सायेब, म्हून कारभारणीनं सारी वाट पेटी मांडीवर धरली." हे ऐकून सर शांतपणे म्हणाले, "छान. आता प्रत्येक गाडीबरोबर एकेक कारभारीण देणार का?" तेव्हा मला रडू आलं होतं, आता एकटा असलो तरी हसू आवरत नाही.