मुकुटाचं पिस्तूल

आबाकाका गेल्याचा फोन डिचोलीला आला, तेव्हा मी आधी रडले नाही. विचारलं, "काकी, ता खंय असा?" माणूस गेलाय आणि पुतणी वस्तूची चौकशी करतेय... पण काकीला राग आला नाही. "देवाच्या खोलयेत. तू बेगीन ये," एवढंच ती म्हणाली.

ते म्हणजे पिस्तूल. पोर्तुगीज गेले त्या धांदलीत कुणा शिपायाने पेडण्याच्या आमच्या शेतात टाकलेलं आणि आजोबांनी घरी आणलेलं. परवाना नाही. सरकारजमा करावं तर तुरुंगाची धास्ती, फेकावं तर कुणा पोराच्या हाती लागायचं. आबाकाकांचा अख्खा जन्म या कात्रीत गेला.

वास्कोच्या बंदरात नोकरीला असताना त्यांनी एका खलाशाकडून हत्यारांचं चित्रमय पुस्तक मिळवलं आणि भीतीचा चक्क अभ्यास मांडला. पिस्तूल मुळात जर्मन, पण ज्या देशाच्या सैन्याने घेतलं त्याने आपल्याला हवं तसं करून घेतलं. हॉलंडवाल्यांनी कळ कुठे फिरवायची ते दाखवणारा बाण कोरला. पोर्तुगीज आरमाराने नांगर, लष्कराने राजाचा मुकुट. आमच्यावर मुकुट होता. मुठीच्या मागे एक पट्टी होती. तळव्याने ती दाबली नाही तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही. जर्मन सैन्याने पुढे ती काढून टाकली, पोर्तुगिजांनी ठेवली. "आमचा पोर्तुगीज असा, म्हणान आमी जिते," काका म्हणत. हसत नसत. कारण वरचा एक बारीक तुकडा कायम उचललेला असे आणि त्यावर पोर्तुगीजमध्ये कोरलं होतं, 'भरलेलं'. नळीत गोळी असली की तो वर येतो. बाजूची कळ मोडलेली, सांधा गंजलेला, उघडून बघायची कुणाची छाती नव्हती.

दसऱ्याला मात्र ते कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर पुजावं लागे. काका आम्हाला अंगणात पिटाळून दार लावून घेत. आम्ही पोरं म्हणायचो, आत एकटेच नैवेद्य हाणतायत.

बारावं झाल्यावर काकी आणि मी पोलिस ठाण्यात गेलो. आत टाकतील हे धरूनच मी सगळं सांगून टाकलं. पण एक वयस्क हवालदार निमूट आमच्याबरोबर घरी आला. पिस्तुलाला हात न लावता वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "हो दोरो कोणी बांधलो?"

पूजेचा हळदीचा दोरा. बांधलेला सोडायचा नसतो, म्हणून दर दसऱ्याला जुन्यावर नवा. त्या वेढ्यांखाली मागची पट्टी पार आत दबून बसली होती. ज्या पट्टीच्या भरवशावर काका जगले, ती त्यांनीच भक्तिभावाने बांधून टाकली होती... नळीत गोळी होती, हे नंतर कळलं.

पिस्तूल गेलं. मी म्हटलं, "काकी, आता सुखान नीज."

ती म्हणाली, "ते दार लावून बसत, तेवा दर दसऱ्याक मी भायर दाराक टेकून उबी. आवाज इलो तर आदी मी भितर जातलंय, पोरांक येवक देवचंय नाय."

परवा गेले तर देवाच्या खोलीचं दार वाऱ्याने लागलं होतं. काकी बाहेर उभी होती, दाराला कान लावून. मी हाक मारली, तर हाताने गप्प राहा म्हणाली.