दगडोबाच्या घोट्यावरची गाठ

ईट गावच्या दगडोबाच्या उजव्या घोट्यावर लिंबाएवढी गाठ होती. बहात्तरच्या दुष्काळात ती आली आणि दुष्काळ सरला तरी गेली नाही. चपलेचा पट्टा बसेना म्हणून गडी अनवाणीच फिरायचा. गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा उद्घाटनाचा पाहुणा आलाच नाही, आणि गर्दीच्या रेट्यात दारात उभा असलेला दगडोबाच सगळ्यांच्या आधी आत ढकलला गेला. त्या साली पाऊस बरा झाला, दूध वाढलं आणि सगळं श्रेय गाठीला मिळालं. म्हशींना कुणी विचारलं नाही.

मग काय, नव्या सुनेचा बघावा तसा गाव दगडोबाचा पायगुण बघू लागला. पतसंस्था निघो नाहीतर पिठाची गिरणी, पहिलं पाऊल त्याचं. हार, नारळ, वर शिरा. बायको धुरपदाबाई शेतात कुळवाला चला म्हणाली की हा म्हणायचा, "सत्काराचा पाय हाय, ढेकळात कसा घालू?" शेत ती एकटी ओढायची. तिच्या जागी मी असतो तर असल्या माणसाला शिळी भाकरीसुद्धा वाढली नसती.

पुढं गाठ वाढली, ठणकायला लागली. तेव्हा तिनंच त्याला बार्शीला नेलं. डॉक्टरांनी गाठ काढून औषधाच्या बाटलीत घातली. म्हणाले, "सोलापूरला तपासून आणा. नुसती चरबी असली तर सुटलात. वाईट असली तर पाय जाईल, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही."

सोसायटीचे चेअरमन तात्याराव सोलापूरला निघालेच होते. बाटली त्यांच्याकडे दिली.

महिना झाला तरी निकाल येईना. धुरपदाबाईच्या घशाखाली घास उतरेना. दगडोबा मात्र पट्टी बांधलेला पाय बाजेवर ठेवून पुढच्या सत्काराची वाट बघत होता.

एक दिवस शेळ्यामेंढ्यांची नवी सोसायटी उघडली. धुरपदाबाई बघते तर स्टुलावर बाटली, तिला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार.

तात्याराव म्हणाले, "गाठ निघाली म्हणून गुण कशाला घालवायचा? एवढं उद्घाटन झालं की नेतोच."

तिनं हारासकट बाटली पदराखाली घेतली आणि तशीच सोलापूरची एसटी धरली. निकाल मिळेपर्यंत ती तिथल्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली.

परतली तेव्हा अर्धा गाव स्टँडवर होता. दगडोबाही लंगडत आला होता. तात्यारावांनी आधी विचारलं, "बाटली कुठाय?"

"तिकडंच ठिवून घेतली."

गाव हळहळलं. खुद्द दगडोबाचंसुद्धा तोंड उतरलं. पायाचं काय झालं, हे विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"चरबी हाय म्हणले. नुसती चरबी," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांचं रडू तिला तिथंच फुटलं. "गाठ गेली तर जाऊ द्या, चेअरमन. माझा माणूस ऱ्हायला."