मागच्या पानावरची नावं

मायरा, एथन,

मस्कतच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींवर खूण झालेली होती: पासपोर्ट, चष्मा आणि सुक्या बोंबलांची पिशवी. चौथी गोष्ट म्हणजे मला न्यायला येणारी ग्लोरिया. ती जागेवर नव्हती.

ग्लोरिया म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमच्या बाबांची मावसबहीण. मी वसईच्या कॉलेजात आयुष्यभर ग्रंथपाल होते. तेच काम ती मस्कतच्या एका कॉलेजात करते. चाळीस मिनिटांनी ती धावत आली, फोन कानाला लावलेलाच.

"सॉरी, सॉरी, मावशी! त्या प्रकाशकाच्या माणसाने डोकं खाल्लंय."

"आधी बोंबील धर," मी म्हटलं. "आजूबाजूचे लोक माझ्यापासून लांब उभे राहायला लागलेत."

तिचं घर अझैबाला, जुन्या विमानतळाजवळ. वाटेत सगळी घरं पांढरी आणि ठेंगणी, आणि त्यांच्या मागे तपकिरी डोंगर. डोंगरावर एक झाड नाही. आमच्या तुंगारेश्वराचा हिरवा डोंगर रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते आधी अपुरे वाटले. चार दिवसांनी मात्र मी सकाळी खिडकीशी चहा घेऊन त्यांचे बदलणारे रंग बघत बसू लागले.

जेवताना ग्लोरियाने तिची अडचण सांगितली. तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. संशोधनाची मासिकं, ज्यांना जर्नल्स म्हणतात, ती आता छापील येत नाहीत. ग्रंथालय ती विकतही घेत नाही. वर्षभर संगणकावर वाचण्याचा परवाना घेतं. वर्ष संपलं आणि परवाना वाढवला नाही, की कपाटाला कुलूप. परवाना फार महाग, म्हणून इथल्या काही कॉलेजांच्या ग्रंथालयांनी गट केला आहे आणि सगळे मिळून प्रकाशकाशी बोलणी करतात. ग्लोरिया त्या गटाची चिटणीस.

मला लगेच अर्नाळ्याचं बंदर आठवलं. होडी लागली की आम्ही चौघी शेजारणी मिळून लिलावात अख्खी टोपली घ्यायचो आणि वाटे करायचो. एकटीला कोणी टोपली परवडणाऱ्या भावात देत नसे.

"अगदी तेच," ग्लोरिया म्हणाली. "आता प्रकाशक म्हणतोय, तुमची ती चौथी बाई दोनच बोंबील नेते, तिला कशाला घेता? तिला काढा, तुम्हाला स्वस्तात देतो."

चौथी बाई म्हणजे बहलाच्या पुढे, डोंगरापलीकडच्या गावातलं लहानसं नर्सिंग कॉलेज. प्रकाशकाच्या तक्त्याप्रमाणे तिथे वर्षभरात जवळजवळ कोणी काही उघडतच नाही. गटातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख डॉक्टर सालिम यांना प्रकाशकाची ही अट पटू लागली होती. मंगळवारी बैठक होती. ते हो म्हणाले की ते कॉलेज बाहेर, आणि एकट्याने परवाना घेणं त्याच्या आवाक्याबाहेरचं.

"तिथली ग्रंथपाल काय म्हणते?" मी विचारलं.

"झुवैना? काही म्हणत नाही. ईमेलला उत्तर लिहिते, 'इन्शाल्ला, सगळं नीट होईल.' मी रविवारी जाऊन भेटणार आहे. तू येतेस?"

शुक्रवारी मिस्सा ऐकली (इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्च शुक्रवारी भरतं) आणि रविवारी आम्ही निघालो.

निझव्याच्या रस्त्यावर एका टपरीवजा हॉटेलात करक (दूध आटवून केलेला दाट चहा) प्यायला थांबलो. आमचं मराठी ऐकून गल्ल्यावरचे गृहस्थ उठून आले.

"कुठले तुम्ही? मी दापोलीचा."

"वसईची."

"वसईची! मग सुकेळी आणलीत काय?"

"बोंबील आणलेत."

"बोंबलाचं काय घेऊन बसलात बाई, ते आमच्याकडेही आहेत. वसईवरून येऊन सुकेळी नाय म्हणजे..." त्यांनी मान हलवली. मी पिशवीतून झुवैनासाठी ठेवलेल्या सुकेळ्यांच्या (सुकवलेल्या केळ्यांच्या) दोन पुड्यांपैकी एक काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते पुडी नाकाशी धरून उभे राहिले, तेव्हा मलाच वाईट वाटलं.

बहलाचा मातीचा किल्ला मागे टाकल्यावर खजुराची बाग लागली. बागेतून एक अरुंद पाट वाहत होता. याला इथे फलज म्हणतात (डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावात आणणारा पाट). ग्लोरियाने सांगितलं की गावातल्या प्रत्येक घराला ठरलेल्या वेळेपुरतं पाणी मिळतं. शेकडो वर्षं हा हिशेब चालत आला आहे. आपली पाळी संपली की माणूस स्वतः उठून बांध घालतो आणि पाणी पुढच्याच्या शेतात सोडतो. मी पाटात पाय बुडवून बसले. पायाला बारीक मासे चावू लागले, म्हणून उठले.

झुवैना चाळिशीची, हातावर जुनी मेंदी, आवाज हळू. इंग्रजी छान बोलते. ग्रंथालयात शिरताच तिने खजूर पुढे केला आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपात कहवा (वेलचीची कडू कॉफी) ओतला. इतक्यात ग्लोरियाला प्रकाशकाचा फोन आला आणि ती बाहेर गेली.

मी कप रिकामा केला. झुवैनाने भरला. पाहुण्याने टाकू नये असं आपल्याकडे शिकवतात, म्हणून मी तोही संपवला. तिने पुन्हा भरला. चौथ्या कपाला मी "पुरे" म्हटलं, पाचव्याला कपावर तळहात ठेवला. तिला तो संकोच वाटला. तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि ओतलं. बोलणं सुरू करायची सोय नव्हती. ती उभी, हातात किटली, आणि मी पीत होते.

सातव्या कपाच्या वेळी पांढरा कोट घातलेली एक मुलगी आली. तिने कपाट उघडलं, टाचलेल्या कागदांचा एक गठ्ठा काढला, उलटला, मागच्या पानावर पेन्सिलीने काही लिहिलं आणि गेली.

ग्रंथपालाचे डोळे निवृत्त होत नाहीत. मी कप ठेवून उठले आणि कपाट उघडलं. आत रांगेने गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठा म्हणजे जर्नलमधला एक लेख. बाळंतपणातला रक्तस्राव, लहान मुलांचा ताप, मधुमेहाच्या जखमा. प्रत्येकाच्या मागे नावांची रांग, नावापुढे तारीख. पान भरलं की खाली दुसरं चिकटवलेलं. कडा मऊ पडलेल्या, एकावर हळदीचा डाग.

"हा लेख तुम्ही किती वेळा उघडलात?" मी विचारलं.

"एकदाच," झुवैना म्हणाली. "छापला, कपाटात ठेवला. मुली वाडीवस्त्यांवरच्या दवाखान्यांत जातात, तिथे नेट नसतं. कागद बरोबर नेता येतो."

"पण इथे, संगणकावर तरी?"

"उघडू नका म्हणून मीच सांगते." तिचा आवाज आणखी हळू झाला. "परवाना सगळ्यांचा आहे. आमचं कॉलेज लहान. आम्हीच सारखं उघडत बसलो तर बाकीच्यांच्या वाट्याचं संपेल ना?"

मी खाली बसले. बाळांनो, ते पाटाचं पाणी नव्हतं. कितीही वेळा उघडलं तरी ते कमी होणार नव्हतं. उलट कमी उघडल्यामुळेच प्रकाशक म्हणत होता, की या बाईला याची गरज नाही.

ग्लोरिया आत आली तेव्हा माझ्या मांडीवर गठ्ठ्यांचा ढीग होता आणि झुवैना आठवा कप भरत होती.

"अगं मावशी, कप हलव! असा, डावी-उजवीकडे. त्याशिवाय ती थांबायची नाही."

मी हलवला. झुवैना तोंडावर ओढणी धरून हसली. "मला वाटलं, हिंदुस्थानात वडीलधाऱ्यांना एवढी लागते!"

गठ्ठे पाहून ग्लोरिया आधी घाबरली. छापून वाटणं कराराविरुद्ध असलं तर? तिने तिथेच करार उघडून वाचला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छापील प्रत देता येते, असं स्वच्छ लिहिलं होतं. मग तिने झुवैनाला फक्त एवढंच म्हटलं, "यल्ला (चल), मंगळवारी हे कपाट घेऊन मस्कतला ये."

मंगळवारी झुवैना दोन खोकी घेऊन आली. मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. डॉक्टर सालिम उंच, पांढरी दाढी, भरतकामाची टोपी. त्यांनी मला हिंदीत "बैठिए, माताजी" म्हटलं. मग झुवैनाकडे वळले, आणि आवाजात तो गोडवा राहिला नाही.

"बाई, तक्ता सांगतो की तुमच्याकडे कोणी वाचत नाही."

झुवैनाने खोकं उघडलं. तिने एक गठ्ठा उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. ते नावं वाचत गेले.

"उघडू नका, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लहानपणी पाळीबाहेर पाणी घेतलं तर वडील मारायचे."

"माझेही मारायचे," डॉक्टर सालिम म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. मग हळदीच्या डागाचा गठ्ठा हातात घेऊन म्हणाले, "आमचं शेत पाटाच्या तोंडाशी होतं. पाणी आधी आम्हाला. पण खालचं शेत सुकलं तर वडिलांना गावात मान वर करून चालता यायचं नाही." त्यांनी ग्लोरियाकडे पाहिलं. "प्रकाशकाला लिही, सगळे किंवा कोणीच नाही. परवाना काही आठवडे बंद राहिला तर आमचे प्राध्यापक माझ्यावर ओरडतील. ओरडू देत. खलास."

उत्तर यायला आठ दिवस लागले. ते दिवस ग्लोरियाने फोन उशाशी घेऊन काढले. मी दार्सैतच्या बाजारापर्यंत जाऊन कोकम शोधलं, आमटी केली, आणि काही विचारलं नाही. मी परत निघाले त्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर फोन वाजला. तिने गाडी कडेला घेतली. प्रकाशकाने सगळ्यांना ठेवलं होतं. बदल्यात डॉक्टर सालिम यांनी स्वतःच्या ग्रंथालयाची काही जर्नल्स सोडून दिली होती. ग्लोरियाने झुवैनाला फोन लावला. झुवैना म्हणाली, "मावशींना सांगा, आता मुलींना आधी उघडायला लावते, मग छापते. पण कपाट ठेवणार आहे."

घरी येऊन आठवडा झाला. माझ्या ग्रंथालयातून पुस्तकं स्वच्छ परत यायची, याचा मला फार अभिमान होता. डाग दिसला की मी दंड करायचे. ती पुस्तकं कोणाकोणाच्या घरात फिरून आली, ते मात्र मी कधी पाहिलं नाही. मी तारखेचा शिक्का मारायचे, नाव वाचायचे नाही.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, फोनवरून पाठव, दोघांना एकदम मिळेल." मी पाठवणार नाही. ही एकच प्रत आहे, कागदावर. मायरा, तू मोठी, म्हणून आधी तुझ्याकडे मेलबर्नला. अडलेले शब्द बाबांना विचार. वाचून झालं की टोरांटोला एथनकडे पाठव, आणि एथन, तू माझ्याकडे. मागच्या पानावर मी रेघा आखून ठेवल्या आहेत. नाव आणि तारीख लिहा. हळद सांडली तरी चालेल.

तुमची,
आजी